तारेला लावलेली पत्रे

१

आमच्या आजोळी माजघराच्या दाराशेजारी एका खुंटीला पत्रांची तार टांगलेली असे. खालच्या टोकाला लाकडाची गोल चकती, वरचे टोक अणकुचीदार आणि आकड्यासारखे वळवलेले. घरात आलेले प्रत्येक कार्ड, अंतर्देशीय पत्र, मनीऑर्डरची किंवा शेतसाऱ्याची पावती सर्वांचे वाचून-पाहून झाले, की आजोबा ती तारेत ओवून टाकत. ऐंशीच्या दशकापर्यंत महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत अशी तार होती आणि या लेखाच्या अनेक वाचकांनी ती पाहिलेलीही असेल. तिच्यात विशेष काही आहे, असे तेव्हा कोणालाच वाटत नव्हते.

आज मागे वळून पाहताना जाणवते ते असे, की घराची हालहवाल त्या तारेकडे नुसते पाहून कळत असे आणि त्यासाठी एकही पत्र उघडण्याची गरज नसे. सर्वांत खाली सर्वांत जुने, सर्वांत वर कालचे. धाकटे मामा मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, तो तारेवर कुठे आहे, हे आजोबा पुढे कितीतरी वर्षे बोटाने दाखवीत असत. अमुक एका जागेच्या खाली मनीऑर्डरच्या पावत्या ठरावीक अंतराने येतात. त्या जागेच्या वर पावत्या नाहीत, नुसती कार्डेच कार्डे. पैसे थांबले आणि पत्रे वाढली. पुढे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मी पुष्कळ आलेख पाहिले. पण ज्याला हात लावता येतो, असा आलेख मला पहिल्यांदा दाखवला तो चौथी इयत्ता शिकलेल्या त्या माणसाने.

मात्र ती तार म्हणजे संपूर्ण दप्तर नव्हते. मृत्यूची बातमी आणणारे कार्ड घरात ठेवायचे नसे. वाचले की लगेच फाडून टाकायचे. त्यामुळे हळदीची बोटे लागलेल्या लग्नपत्रिका तारेवर होत्या, मृत्यू नव्हते. आणखीही एक गोष्ट तारेवर नव्हती, ती फार उशिरा लक्षात आली. आजीला तिच्या माहेरून येणारी पत्रे तिथे कधीच ओवली गेली नाहीत. ती तिच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली असत.

हे सगळे आठवण्याचे कारण असे, की गेली वीस-पंचवीस वर्षे आपला पत्रव्यवहार, वाचन, खरेदी, भांडणे, शुभेच्छा आणि शोकसंदेशसुद्धा आंतरजालावर चालतात. त्या साऱ्याची नोंद कुठेतरी होते, आणि ती आपल्याला दिसत मात्र नाही. विरोपांच्या पेटीला जाडी नसते. दहा हजार पत्रांचा खाते-क्रमांक आणि दहा पत्रांचा खाते-क्रमांक बाहेरून सारखेच दिसतात. या अदृश्य विदेला पुन्हा देह द्यावा, तिला हातात घेता यावे, खोलीत ठेवता यावे, अशी धडपड काही माणसांनी केली. तिचा एक छोटासा पण अर्थपूर्ण इतिहास आहे, तो येथे मांडायचा आहे.

२

आरंभ बराच मागे न्यावा लागतो; कारण माणसाने मोजलेली गोष्ट प्रथम देहधारीच होती. पश्चिम आशियात इसवीसनपूर्व ८००० च्या सुमारापासून मातीचे लहान लहान शंकू, गोट्या, चकत्या सापडतात. हे हिशेबाचे खडे असून त्यांतून पुढे लेखन उगवले, अशी मांडणी डेनिस श्मांट-बेसेरा या संशोधिकेने केली. धान्याच्या एका मापासाठी एक खडा, तेलाच्या एका बुधल्यासाठी दुसऱ्या आकाराचा. इसवीसनपूर्व ३५०० च्या सुमारास हे खडे मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून ठेवू लागले, आणि आत काय आहे ते कळावे म्हणून बाहेरच्या ओल्या मातीवर त्याच खड्यांचे ठसे उमटवू लागले. मग कोणाच्या तरी लक्षात आले असणार, की ठसे असतील तर आतल्या खड्यांची गरजच काय! गोळ्याची पाटी झाली. सर्व अभ्यासकांना ही उपपत्ती तपशीलवार मान्य नाही. पण तिचा गाभा विचार करण्याजोगा आहे. तिच्यानुसार लेखनाचा जन्म म्हणजे विदेचा देहत्याग होय.

इंका साम्राज्यात कागद नव्हता, लिपीही नव्हती. होते ते किपू, म्हणजे एका मुख्य दोरीला लोंबणाऱ्या गाठी मारलेल्या दोऱ्यांचा झुबका. त्या गाठी दशमान पद्धतीने संख्या नोंदवतात, हे विसाव्या शतकाच्या आरंभी लेलंड लॉक याने दाखवून दिले. इंग्लंडात सरकारी खजिन्याचा हिशेब शतकानुशतके खाचा पाडलेल्या काठ्यांवर चाले. काठी उभी चिरून दोन भाग करीत. दोन्ही भागांवर त्याच खाचा राहात, त्यामुळे लबाडी करता येत नसे. पैसे देणाऱ्याकडे लांब भाग जाई, त्याला ‘स्टॉक’ म्हणत. आज शेअर बाजारात आपण वापरतो तो शब्द या लाकडाच्या तुकड्याशी जोडलेला आहे. १८२६ मध्ये ही पद्धत बंद झाली. साठलेल्या काठ्यांचे काय करायचे, हा प्रश्न उरला. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी दोन गाड्या भरतील एवढ्या काठ्या लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या आणि त्या आगीत वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा, म्हणजे पार्लमेंटच, भस्मसात झाले. हिशेबाला देह असला की तो देह जळतो, आणि जळताना आपल्याबरोबर बरेच काही घेऊन जातो.

एवंच, वही जिंकली ती हलकी होती म्हणून. पुढे वहीपेक्षा तार हलकी निघाली आणि तारेपेक्षा संगणकातला विद्युत्कण. प्रत्येक पायरीवर माहितीचे वजन घटत गेले आणि तिचा वेग वाढत गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती इतकी हलकी झाली, की काही लोकांना तिच्या वजनाची आठवण येऊ लागली.

३

ही आठवण सर्वांत आधी ज्यांना आली, त्यांच्यात खुद्द संगणक घडवणारेच होते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या डरेल बिशप याने १९९२ मध्ये दूरध्वनीवरचे निरोप साठवणाऱ्या यंत्राचा एक नमुना रचला. कोणी निरोप ठेवला, की यंत्रातून एक गोटी घरंगळत बाहेर येऊन पन्हळीत थांबे. घरी आल्यावर किती गोट्या आहेत, ते पाहिले की किती निरोप आहेत ते कळे. गोटी यंत्राच्या खळग्यात ठेवली की निरोप ऐकू येई. तीच दूरध्वनीच्या खळग्यात ठेवली की निरोप देणाऱ्याला उलट फोन लागे. हा नमुना बाजारात कधी आला नाही. पण या विषयावरचा कोणताही इतिहास त्याला वगळून लिहिता येत नाही.

कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मार्क वायझर काम करीत होता. संगणक माणसाच्या नजरेसमोरून दूर होऊन भोवतालात विरघळला पाहिजे, हे त्याचे म्हणणे त्याने १९९१ च्या एका गाजलेल्या लेखात मांडले होते. याच केंद्रात १९९५ च्या सुमारास नॅटली जेरेमिजेंको या चित्रकर्तीने छताला एक छोटी विजेची मोटर बसवली आणि तिला आठ फूट लांबीची प्लॅस्टिकची दोरी लोंबती सोडली. मोटर जवळून जाणाऱ्या संगणक-जाळ्याच्या तारेला जोडलेली होती. जाळ्यातून माहितीचा कण गेला की दोरीला झटका बसे. कामाच्या गर्दीच्या वेळी दोरी गरगर फिरत सूं सूं आवाज करी. निवांत वेळी काही सेकंदांनी एकदाच थरथरे. कोणी तिच्याकडे मुद्दाम पाहात नसे. पण जाळे तुंबले आहे, हे आजूबाजूच्या खोल्यांतल्या सर्वांना मान वर न करता कळे. वायझर आणि त्याचा सहकारी जॉन सीली ब्राउन यांनी ‘शांत तंत्रज्ञाना’विषयी लिहिताना याच दोरीचे उदाहरण दिले.

तिसरे नाव हिरोशी इशी यांचे. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या या जपानी प्राध्यापकांनी ब्रिग उल्मर या विद्यार्थ्यासह १९९७ मध्ये ‘टँजिबल बिट्स’ हा निबंध सादर केला आणि या साऱ्या धडपडीला एक सैद्धान्तिक पाया दिला. पुढे त्यांच्या गटाने छोट्या भिंगऱ्या केल्या. वाऱ्यावर नव्हे, तर जाळ्यातून वाहणाऱ्या माहितीवर फिरणाऱ्या. पण इशी यांच्या लेखनातली मला सर्वांत जवळची वाटलेली जागा वेगळी आहे. लहानपणी घरात मण्यांची हिशेबचौकट, म्हणजे अबॅकस असे. आई तिच्यावर घरचा हिशेब करी. मण्यांचा आवाज येतो आहे, तोवर आई कामात आहे, आत्ता ती आपल्याशी खेळणार नाही, हे त्या मुलाला दुसऱ्या खोलीतूनही कळे. हिशेबाचा आकडा त्याला कळत नव्हता, पण हिशेब चालू आहे, हे ऐकू येत होते. आजच्या घरात आई दूरध्वनीवर विजेचे बिल भरते आहे, की बहिणीचा निरोप वाचते आहे, की नुसतीच करमणूक करून घेते आहे, हे मुलाला कसे कळावे? तिन्ही वेळी तिची मान सारखीच खाली असते.

४

२००० नंतर हे नमुने प्रयोगशाळेतून दुकानात आले. मीडिया लॅबशी नाते असलेल्या एका कंपनीने २००२ मध्ये ‘अँबियंट ऑर्ब’ नावाचा काचेचा दुधी गोळा विकायला काढला. शेअर बाजार वर गेला की तो हिरवा होई, पडला की लाल. २००५ मध्ये फ्रान्समध्ये ‘नाबाझताग’ नावाचा पांढरा ससा आला. आर्मेनियन भाषेत या शब्दाचा अर्थ ससाच. विरोप आला की तो सांगे, हवामान बदलले की त्याच्या पोटातले दिवे बदलत. दोन घरांतल्या दोन सशांचे ‘लग्न’ लावता येई. मग एकाने आपल्या सशाचे कान वळवले, की दूरच्या गावच्या सशाचे कान तसेच वळत. लंडनमध्ये जॅक शुल्झ आणि मॅट वेब यांनी २००६ मध्ये ‘अवेलाबॉट’ ही संगणकाला जोडायची छोटी बाहुली कल्पिली. ज्या मित्राची म्हणून ती बाहुली, तो आंतरजालावर गप्पांना आला की ती ताठ उभी राही. तो गेला की कोसळे. त्यांच्याच कंपनीने २०१२ मध्ये तळहाताएवढा ‘लिटल प्रिंटर’ विकायला आणला. दिवसभरातले निरोप, मित्रांचे वाढदिवस, बातम्या तो दुकानातल्या बिलासारख्या अरुंद पट्टीवर छापून देई. त्याच वर्षी अमेरिकेत रेचेल बिंक्स आणि शा ह्वांग यांनी माणूस जिथे जिथे फिरला, त्या ठिकाणांच्या नोंदी जोडून त्यांच्या आकृतीचे दागिने घडवून देण्यास सुरुवात केली. आपला प्रवास गळ्यात घालता येऊ लागला.

या वस्तूंचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. सशाची मूळ कंपनी बुडाली, तिच्या पुढच्या मालकांनी २०११ मध्ये त्याची सेवा बंद केली. आणि हजारो घरांतले ससे एकाच दिवशी मुके झाले. लिटल प्रिंटरच्या कंपनीने २०१४ मध्ये गाशा गुंडाळला. वस्तू फुटल्या नव्हत्या, तुटल्या नव्हत्या. देह शाबूत होता, पण त्यांचा प्राण दूर कोठेतरी दुसऱ्याच्या यंत्रात होता. आपल्याकडच्या गोष्टींतल्या राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, तसाच. २०१९ मध्ये सशाच्या मूळ निर्मात्यांपैकी एकाने लोकवर्गणी काढली आणि सशाच्या पोटातच छोटा संगणक बसवायची सोय केली. प्राण पोपटातून काढून पुन्हा राक्षसाच्या छातीत ठेवला, असेच म्हणायला हवे.

तेव्हा मूर्त विदेची पहिली कसोटी ही, की तिचा देह तिच्या स्वतःच्या मालकीचा आहे का? आजोबांच्या तारेला कोणाचीही परवानगी लागत नव्हती.

५

दुसरा प्रवाह कागदाचा. न्यूयॉर्कचा रेखनकार निकोलस फेल्टन याने २००५ ते २०१४ अशी दहा वर्षे स्वतःच्या आयुष्याचे छापील वार्षिक अहवाल काढले. कंपन्या भागधारकांना देतात, तशाच रूपातले. किती मैल चाललो, कोणते संगीत ऐकले, कोणाला किती वेळा भेटलो, पुढे पुढे किती विरोप आणि किती निरोप लिहिले, याचे नेटके आलेख. २०१० चा अहवाल मात्र त्याचा स्वतःचा नव्हता. त्या वर्षी त्याचे वडील गेले. मागे राहिलेल्या दैनंदिन्या, पारदर्शिका, पत्रे आणि कागदपत्रे यांतून त्याने त्यांच्या साऱ्या आयुष्याचा अहवाल तयार केला. वडिलांनी स्वतःची विदा गोळा केली नव्हती. त्यांनी कागद नुसते फेकले नव्हते, एवढेच. या दहा अहवालांत सर्वांत जिवंत तोच आहे, असे मला वाटते. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी फेल्टन फेसबुकमध्ये गेला आणि तिथल्या ‘टाइमलाइन’च्या, म्हणजे कोट्यवधी लोकांचे आयुष्य कालक्रमाने लावणाऱ्या रचनेच्या, कामात सहभागी झाला. एका माणसाने स्वतःसाठी घडवलेली तार सर्वांसाठी टांगली गेली खरी. पण ती ज्या खुंटीला टांगली, ती आपल्या घरातली नव्हती.

जॉर्जिया लुपी आणि स्टेफनी पोसावेक यांचा प्रयोग याच्या उलट टोकाचा. एक न्यूयॉर्कला, दुसरी लंडनला, ओळख जेमतेम. २०१४ च्या सप्टेंबरपासून एक वर्षभर दोघींनी दर आठवड्याला एक विषय ठरवून स्वतःच्या आयुष्याची मोजदाद केली. किती वेळा घड्याळ पाहिले, किती वेळा आभार मानले, किती तक्रारी केल्या. ती मोजदाद दोघींनी हाताने चितारली आणि पोस्टकार्डावर उतरवून साध्या टपालाने एकमेकींना पाठवली. बावन्न आठवडे, एकशे चार कार्डे. मागच्या बाजूला चित्र वाचण्याची किल्ली, पत्ता आणि टपालाचा शिक्का. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने, म्हणजे मोमाने, ही कार्डे आपल्या संग्रहात घेतली. यंत्राने सारे काही आपोआप मोजण्याच्या काळात या दोघींनी हाताने मोजले; त्यामुळे मोजताना त्यांना लाजही वाटली असेल, कंटाळाही आला असेल, आणि काय मोजायचे नाही, हेही ठरवावे लागले असेल. दुसरी कसोटी इथे मिळते, ती निवडीची. मृत्यूचे कार्ड फाडणारा हात आणि तक्रारींना रंग देणारा हात, दोन्ही निवड करणारेच.

२०१५ मध्ये इव्हॉन यान्सेन, पिएर द्रागिसेव्हिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साऱ्या प्रकाराला अभ्यासशाखेचे नाव दिले. आपण त्याला ‘विदेचे मूर्तीकरण’ म्हणू: ज्या वस्तूच्या आकारात किंवा द्रव्यात माहिती गुंफलेली आहे, अशी वस्तू. या दोघांनी जमवलेल्या उदाहरणांच्या कालक्रमानुसार सूचीत मेसोपोटेमियातले मातीचे खडेही आहेत, हे सांगायला हवे. शाखा नवी असली, तरी तिला आपले पूर्वज ठाऊक आहेत.

६

यानंतरचा टप्पा सौंदर्याचा नसून सत्तेचा आहे. २०११ मध्ये मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियातल्या कायद्याच्या विद्यार्थ्याने युरोपीय कायद्याचा आधार घेऊन फेसबुककडे मागणी केली, की माझ्याविषयी तुमच्याकडे जे जे आहे, ते मला द्या. उत्तरादाखल आले १,२२२ पानांचे दप्तर. वय विशीतले, खाते जेमतेम तीन वर्षांचे आणि पाने बाराशेच्या वर. त्यात त्याने स्वतः पुसून टाकलेले निरोपही होते. ती पाने छापून त्यांचा गठ्ठा पुढ्यात घेतलेले त्याचे छायाचित्र पुढे जगभर प्रसिद्ध झाले. ‘कंपन्या आपली माहिती साठवतात’ हे वाक्य त्याआधी हजारदा छापून आले होते. त्या गठ्ठ्याने ते वाक्य दिसू लागले. श्रेम्सने सुरू केलेल्या लढ्यातून २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने युरोप-अमेरिका यांच्यातील विदा-हस्तांतरणाचे करार रद्दबातल ठरवले. नुसत्या कागदाच्या ढिगाने हे झाले नाही, हे उघड आहे. पण ढिगाशिवाय ते इतक्या लोकांना कळले नसते, हेही तितकेच उघड आहे.

कलावंतांनीही ढिगाचे हे बळ ओळखले. एरिक केसेल्स याने २०११ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या फोम संग्रहालयात एका दिवसात फ्लिकरवर चढवली गेलेली छायाचित्रे छापून खोल्यांत ओतली. लाखो छायाचित्रांचे डोंगर भिंतींना टेकले. आराम बार्थोल याने २०१३ मध्ये लिंक्डइनवरून आदल्या वर्षी फुटलेले सुमारे ४७ लाख परवलीचे शब्द अकारविल्हे लावून आठ जाड खंडांत छापले. प्रेक्षक स्वतःचा शब्द त्यात शोधत. कोशात आपले गुपित सापडावे, यापरते नागवेपण कोणते!

परंतु ढिगाची एक मर्यादा आहे. केसेल्सच्या डोंगरात प्रत्येक छायाचित्र कोणाच्या तरी बारशाचे, सहलीचे, शेवटच्या आजाराचे होते. डोंगर पाहणाऱ्याला त्यातले एकही दिसत नाही. ढीग किती ते सांगतो, काय ते सांगत नाही. तार दोन्ही सांगते. तरीही ढीग मागण्याचा हक्क हवाच, कारण ज्याच्या हाती ढीगच नाही, तो त्यातून निवडणार काय? आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा-संरक्षण कायद्यात नागरिकाला आपल्या माहितीचा ‘सारांश’ मागण्याचा हक्क नमूद आहे. साहित्याच्या शिक्षकाला सारांश या शब्दाचे भय वाटते. सारांश कोणी करायचा, हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती अर्थ असतो. श्रेम्सला सारांश मिळाला असता, तर त्याने पुसलेले निरोप त्यात आले असते का?

आणि येथे आजीची ट्रंक आठवते. तार दारापाशी होती, आल्यागेल्याला दिसत होती. म्हणजे घरातल्या पुरुषांच्या व्यवहाराचे ते प्रदर्शन होते. आजीचे दुःख, तिच्या भावाबहिणींचे निरोप, त्यांना ती जागा नव्हती. आणि कदाचित तिला ती नकोही होती. दिवाणखान्यातला गोळा लाल झाला की धन्याचे पैसे बुडाले, हे पाहुण्यांनाही कळते. बाहुली कोसळली की कोणाची वाट पाहिली जात होती, हे घरभर होते. विदेला देह देताना तो देह कोणत्या खोलीत ठेवायचा आणि तो कोणी पाहायचा, हे ठरवण्याचा अधिकार ज्याची विदा त्याचा असला पाहिजे. माझ्या मते ही तिसरी कसोटी, आणि सर्वांत अवघड.

७

हे सारे पुस्तकी वाटू नये, म्हणून एक खासगी गोष्ट सांगून थांबतो. माझा एक सहाध्यायी मित्र २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेला. तोही मराठीच शिकवीत असे. त्यातली बरीच वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे वर्ष संपले की नोकरी संपली, अशा अवस्थेत. आमचा दहा वर्षांचा पत्रव्यवहार विरोपांचा. वर्षभराने वहिनींचा फोन आला. “भाऊजी, त्यांची पत्रं तुमच्याकडे असतील ना? मला संगणकावर नको, हातात हवीत.”

मी सारी पत्रे काढून महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छापायला दिली. थोड्या वेळाने दुकानदार म्हणाला, “सर, हेच पान परत परत येतंय.” खरेच होते. विरोपाला उत्तर देताना मागचे सारे विरोप शेपटासारखे खाली चिकटून येतात. पडद्यावर ते कधी लक्षातही येत नाहीत. शेपटे कापल्यावर गठ्ठा पाव हिस्साही उरला नाही. उरला तो वर्षांप्रमाणे लावला, आणि तेव्हा तो माझ्याशी बोलू लागला. २०१३ ते २०१५ ची जाडी सर्वांत अधिक. कायम होण्यासाठी त्याने खाल्लेल्या खस्ता, मुलाखतींची वर्णने, मध्येच एखाद्या कवितेवरचे चार पानी विवेचन. २०१६ पासून गठ्ठा एकाएकी पातळ होतो. मैत्री पातळ झाली नव्हती. आम्ही दोघे दूरध्वनीवरच्या निरोपांकडे वळलो होतो, आणि ते निरोप माझा जुना फोन गेला, तेव्हा त्याच्याबरोबर गेले. त्यांची प्रत ठेवावी, हे मला सुचले नाही. २०२० सालचे एकच पान होते. त्याचे दीड पानांचे पत्र पाठपोट छापून आलेले, आणि खाली माझे उत्तर, दोनच शब्दांचे: ‘सविस्तर लिहितो.’

आजोबांनी तारेवर संपाची जागा दाखवली होती, तशी ही माझी जागा. पडद्यावर मी ते उत्तर यापूर्वीही पाहिले असेल. पण त्यानंतर पान नाही, हे बोटांना कळावे लागले.

गठ्ठा घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी तो दोन दिवस ठेवून घेतला. पुन्हा गेलो, तेव्हा तो खादीच्या जुन्या रुमालात बांधलेला होता; पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालात बांधून ठेवतात, तसा. आकार थोडा लहान वाटला. वहिनी म्हणाल्या, “काही पानं फाडली.” कोणती, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

मूळ विरोप अजूनही माझ्या खात्यात आहेत. रुमालातली पाने एकदा ताडून पाहिली, तर कोणती फाडली, ते अर्ध्या तासात कळेल. ते मी केलेले नाही.